अजिंठा रंगवणारा जपानी

चि. मुक्ता,

जपानी माणसाला अजिंठ्याचं चित्र का काढावंसं वाटलं, हा तुझा प्रश्न मनातून जात नाही. (तो इंग्रजीत विचारलास, याची रुखरुख वेगळी.) हिरोशी योशिदा १९३०-३१ साली थोरल्या मुलाला, तोशीला, घेऊन हिंदुस्थानात हिंडला, काशी, उदयपूर, ताजमहाल, अजिंठा सगळं त्याच्या चित्रांत आलं. पण नुसत्या प्रवासाच्या हौसेने हे उलगडत नाही. माझ्या मते परक्या मुलखानेच त्याला घरच्या कलेकडे वळवलं. १८७६ साली कुरुमेत जन्मलेला हा माणूस शिकला पाश्चात्त्य चित्रकला, आणि तेविसाव्या वर्षी अमेरिकेत आपली चित्रं विकून आला. लाकडी ठशांच्या चित्रांकडे, म्हणजे घरच्या कलेकडे, तो वळला चाळिशीनंतर, वातानाबे या प्रकाशकासाठी. १९२३ च्या भूकंपाने वातानाबेचे ठसे गेले. योशिदा पुन्हा अमेरिकेला गेला, तिथे ठशांच्या चित्रांची मागणी बघितली आणि १९२५ मध्ये, पन्नाशीच्या तोंडावर, स्वतःचं काम थाटलं.

हा तर धंदा, असं तू म्हणशील. धंदाच करायचा तर जुन्या चित्रांच्या नकला खपवणं सोपं होतं. हा मात्र कोरणं-छापणं स्वतः शिकला, कारागिरांच्या डोक्यावर उभा राहिला, एकेका चित्रावर रंगाचे तीस-तीस हात चढवले. १९२६ च्या शिडाच्या होड्या बघ. ठसे तेच, रंग बदलले की सकाळ होते, धुकं उतरतं, संध्याकाळ होते, रात्र पडते. शाईचा हात किती फिका, किती गडद, एवढ्यावर अख्खा दिवस पालटतो. यातला छायाप्रकाश पाश्चात्त्य आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो उतरला पाण्यात कालवलेल्या रंगातून, हातकागदावर, बारेनच्या घासणीने. डोळ्याने बाहेरून घेतलेलं त्याने घरच्या हाताने उमटवलं. म्हणून अजिंठाही त्याला परका राहिला नाही.

मुळं विसरू नकोस असं आम्ही म्हणतो, तेव्हा घरी बसून राहा असंच सुचवत असतो. योशिदाचं आयुष्य त्याला दुजोरा देत नाही. तरी तुझ्या मराठीची काळजी वाटते. त्याला घरची कला कौतुकाने आली नाही, हात घालून आली. मराठीही वापरल्याशिवाय राहत नाही, बाळा. त्या होड्या शेजारी शेजारी ठेवून बघ, आणि आधी कुठली वेळ ओळखलीस ते मराठीत कळव. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी,
आत्या