गो, वेन्ट, गॉन

मराठी शाळेत पाचवीला इंग्रजी सुरू होई आणि क्रियापदांची तीन रूपे पाढ्यांच्या चालीवर पाठ होत. ‘गो, वेन्ट, गॉन’ म्हणताना मधल्या रूपाचे पहिल्याशी नाते काय, असे वर्गात कोणी विचारीत नसे. वस्तुतः ‘वेन्ट’ हा ‘वेन्ड’ या वाट धरणे, वळणे अशा अर्थाच्या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ. जुन्या इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ ‘एओदे’ असा होता. १५ व्या शतकाच्या सुमारास ‘वेन्ट’ने त्याची जागा घेतली.

या लहरीपणाला हसणाऱ्याने आपले ‘जाणे’ पाहावे. ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूकडून आला, ‘गेला’ मात्र ‘गम्’च्या ‘गत’ या रूपाकडून. रोज जिभेवर असणारे शब्दच असे बंडखोर राहू शकतात. क्वचित वापरातले मुकाट्याने नियमाला शरण जातात.

खरी अडचण रूपे पाठ करण्यात नाही, योजण्यात आहे. वडील गेले तेव्हा एका परदेशी स्नेह्याला कळवायचे होते. ‘वेन्ट’ म्हटले की कुठे, हे सांगणे आले. ‘हॅज गॉन’मध्येही परतण्याची शक्यता रेंगाळते. ‘डाइड’ अचूक होते, परंतु आमच्या घरात त्या दिवशी ‘मेले’ हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. अखेर ‘फादर इज गॉन’ असे लिहिले. त्यात जाण्याची क्रिया सरून नुसते नसणे उरते. ‘गेले’मधला आदरार्थी अनेकवचनाचा मान मात्र त्या तिन्ही रूपांत कुठेच बसेना.