आमचंच टेबल का उठवलं?

प्रदर्शनातून आम्हाला उठवलं त्याला आता बरेच महिने झाले, पण माझा राग गेलेला नाही.

आम्ही पुण्याजवळच्या मांजरीतल्या चारपाच जणी पॉलिमर क्लेमध्ये काम करतो. पास्ता मशीनमधून क्ले काढून मऊ करायची, आकार द्यायचा, साधारण 130 अंशांवर अर्धा तास भाजायचं. रंगीत थरांची गुंडाळी लांबवून कापली, की बाकरवडीसारखी प्रत्येक चकतीत तीच नक्षी निघते. त्या चकत्यांची कानातली होतात. त्या प्रदर्शनासाठी मात्र आम्ही द्राक्षाचा मांडव केला होता. मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, मग दुसरं काय करणार! पारदर्शक क्लेमध्ये हिरवा रंग अगदी नावापुरता घातला, कारण भाजल्यावर तो गडद होतो. एकेक मणी हाताने वळला आणि द्राक्षावर असते तशी पांढरट लव यावी म्हणून भाजण्याआधी खडूची पूड ब्रशने लावली.

प्रदर्शन सुरू व्हायच्या जरा आधी संयोजकांपैकी एकजण आला. ‘‘हे प्लास्टिक आहे का?’’ आम्ही खरं ते सांगितलं. ‘‘मग ठेवता येणार नाही, आपलं प्रदर्शन प्लास्टिकमुक्त आहे.’’ आम्ही म्हटलं, अहो, नोंदणी करताना फोटो पाठवले होते, साहित्य काय तेही लिहिलं होतं, पैसे घेतलेत. 2018 च्या राज्याच्या बंदीत पिशव्या आहेत, थर्माकोलची ताटं-वाट्या आहेत, एकदा वापरून फेकायच्या वस्तू आहेत. हा मांडव कोण फेकणार आहे? उत्तर एकच, ‘‘नियम आहे, ताई.’’ आणि ‘प्लास्टिकमुक्त’ हे शब्द ज्याच्यावर छापले होते, तो दारावरचा भलामोठा फ्लेक्स पीव्हीसीचा! आमची क्लेही पीव्हीसीचीच. फ्लेक्स दोन दिवसांनी कचऱ्यात जाणार होता. मी ते बोलूनही दाखवलं. ‘‘तो विषय वेगळा,’’ म्हणाला. वेगळा कसा, ते आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. शेजारच्या टेबलावर ॲक्रिलिक रंगांतल्या पणत्या होत्या, त्यांना कुणी हात लावला नाही. आम्ही खोकी भरत असताना लोक आत यायला लागले होते. पैसे परत मिळाले नाहीत.

राग बाजूला ठेवून, हे काम नव्याने शिकणाऱ्यांना एक सांगते. क्ले भाजायला ओव्हन वेगळा ठेवा, आत साधा थर्मामीटर टाका आणि खिडकी उघडी असू द्या. क्ले करपली की हायड्रोजन क्लोराइडचा धूर होतो, तो घशाला झोंबतो. स्वयंपाकाची भांडी यात आणू नका.

हे सगळं लिहिताना मात्र वाटतं, त्या संयोजकाचा मुद्दा पुरता खोटा नव्हता. कच्चे तुकडे पुन्हा मळता येतात, पण भाजलेला मणी मातीत कधीच मिसळत नाही. म्हणून हल्ली मी कमी करते, जे करते ते टिकेल असंच करते, आणि टेबलावर ‘ही पीव्हीसीची क्ले आहे’ अशी पाटी ठेवते. पण नियम करायचा तर तो आधी दारावरच्या फ्लेक्सला लावा, मग आमच्या द्राक्षांना.