दमादमाने

‘पी हळद आणि हो गोरी’ ही वृत्ती व्यायामाच्या प्रांतात जितकी आढळते, तितकी ती अन्यत्र क्वचितच आढळत असेल. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाला रक्तदाबाची सूचना मिळाली, की तो दुसऱ्याच दिवशी तारुण्य परत आणावयास निघतो आणि आठवडाभरात गुडघा धरून घरी बसतो. छप्पन्नाव्या वर्षी मलाही ती सूचना मिळाली. डॉक्टरांनी तपासून सायकलीस अनुमती दिली, तेव्हा मी एवढेच ठरविले की, मुलांना ज्या क्रमाने शिकवितो त्याच क्रमाने या देहालाही शिकवावयाचे. बाराखडीआधी जोडाक्षरे नाहीत.

पांढुर्ण्याहून माझी शाळा सात किलोमीटरांवर आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख. संत्र्याच्या बागांमधून जाणारा रस्ता दिसावयास सपाट, परंतु त्याचे चढ सायकलस्वारालाच कळतात. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड केवळ पंधरा मिनिटांची फेरी मारली. पुढे सकाळी सायकलीने शाळेत जावे, सायकल तेथेच ठेवून सहकाऱ्याच्या मोटारसायकलीवर परतावे आणि दुसऱ्या सायंकाळी ती घरी आणावी, असा क्रम महिनाभर चालला. जाणे आणि येणे एकाच दिवशी सुरू झाले ते त्यानंतर, आणि तेही आठवड्यातून दोनच दिवस.

शरीराचे सर्व घटक सारख्या गतीने शिकत नाहीत. श्वास लवकर तयार होतो, स्नायू त्यामागून येतात. सांध्यांभोवतीचे बंध मात्र सर्वांत मागे राहतात. दम लागेनासा झाला की अंतर दुप्पट करावेसे वाटते, आणि गुडघे बिघडतात ते नेमके तेव्हाच. म्हणून वर्गातील सर्वांत मंद विद्यार्थ्याकडे पाहूनच पुढचा धडा घ्यावा. पायडल अगदी खाली गेले असता गुडघा किंचितच वाकलेला राहील, इतकी सीट उंच असावी. बोलता यावे पण गाता येऊ नये, एवढाच वेग ठेवावा. विश्रांतीचा दिवस चुकवू नये. बळ त्या दिवशीच भरून येते. छातीत दुखले वा भोवळ आली, तर तत्काळ उतरावे व डॉक्टरांना गाठावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला आहे. रोजच्या जाण्यायेण्यात तो आपसूक भरतो.

हा अनुभव खरा कामी आला तो एका विद्यार्थिनीच्या. आमच्या राज्यात परगावाहून शासकीय शाळेत येणाऱ्या नववीच्या मुलांना शासनाकडून सायकल मिळते. ती मिळाल्यानंतर दहाच दिवसांनी एका मुलीचे वडील आले नि म्हणाले, ‘‘गुरुजी, पोरीले एवढं झेपत नाही. नाव काढून टाका.’’ पाच किलोमीटरांचा रस्ता, पाठीवर दप्तर आणि समोरून वारा. पोर गळून गेली होती. मी नाव काढले नाही, माझाच क्रम तिला लावून दिला. एक दिवस सायकल, एक दिवस भावाच्या गाडीवर. दप्तर पाठीवरून कॅरिअरवर. दिवाळीनंतर ती रोज सायकलीने येऊ लागली. आता चढावर घंटी वाजवून ती मला मागे टाकते, आणि मागे पडण्याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

२०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर तहसील आपल्याच जिल्ह्यात आली. तेथील जामसावळीच्या मारुतीचे दर्शन एकदा सायकलीने जाऊन घ्यावे, असा संकल्प आहे. घाई नाही. तो मारुती निजलेला आहे. मी पोहोचेपर्यंत त्याला आणखी थोडी झोप मिळेल.