कॅलिप्सो, जयंतीचा डीजे आणि आपली लाज

क्रिकेटवेड्या मराठी ग्रुपांवर अधूनमधून एक जुनं इंग्रजी गाणं फिरत असतं. 1971 साली सुनील गावस्करांनी वेस्ट इंडिजच्या आपल्या पहिल्याच दौऱ्यात चार कसोटींत 774 धावा काढल्या. पोर्ट ऑफ स्पेनच्या शेवटच्या कसोटीत एका डावात 124, दुसऱ्यात 220. भारताने ती मालिका जिंकली आणि त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या गायकाने हरलेल्या बाजूने गावस्करांवर गाणं रचलं. आपल्याकडचं कौतुक तेवढ्यावरच थांबतं. परक्यांनीसुद्धा आपल्या माणसाला सलाम केला, झालं. पण हा रिलेटर कोण, तो स्वतःला 'लॉर्ड' का म्हणवतो, आपल्याच संघाच्या पराभवावर हसत गाणं म्हणण्याची ही रीत कुठून आली, हे कोणी विचारत नाही. मला ते विचारावंसं वाटलं, कारण त्या गाण्याच्या प्रकाराचा, म्हणजे कॅलिप्सोचा, इतिहास वाचत गेले तसा तो गावकुसाबाहेरच्या माणसांचा इतिहास निघाला.

त्रिनिदाद हे वेस्ट इंडिजमधलं छोटं बेट. आधी स्पेनची वसाहत. 1783 नंतर तिथे फ्रेंच मळेवाले आले, सोबत आफ्रिकेतून आणलेले गुलाम. 1797 मध्ये बेट इंग्रजांनी घेतलं. कार्निव्हल हा सण मुळात या गोऱ्या मळेवाल्यांचा. त्यात मालक लोक शेतावरच्या गुलामांचा वेष घेऊन नाचायचे. उसाच्या मळ्याला आग लागली की रात्री-अपरात्री गुलामांना मशाली देऊन, चाबकाखाली तिकडे हाकलायचे. त्या प्रसंगाचीही सोंगं निघायची. ज्याच्या पाठीवर वळ उठवायचे त्याचंच सोंग घेऊन करमणूक करायची! हा प्रकार आपल्याला नवीन नाही.

1834 साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण 'उमेदवारी'च्या नावाखाली सक्तीची मजुरी 1838 पर्यंत चालूच राहिली. त्यानंतर मुक्त झालेल्यांनी कार्निव्हलच ताब्यात घेतला. जळत्या उसाचं ते सोंग आता त्यांनी स्वतः काढलं. मशाली, ढोल, लाठ्या घेऊन मध्यरात्री मिरवणूक निघू लागली. तिचं नाव कॅनबुले, म्हणजे जळता ऊस. लाठीच्या खेळाला कालिंदा म्हणत आणि प्रत्येक जथ्यापुढे एक गाणारा असे, तो शँटवेल. समोरच्या जथ्याला टोमणे मारायचे, आपल्या पैलवानाला चढवायचं, मालकाची आणि पोलिसाची खिल्ली उडवायची, हे त्याचं काम. हे त्याचं म्हणताना थांबायला हवं, कारण त्या काळात गाणाऱ्यांमध्ये बायकाही ठळक होत्या. पुढे त्या कशा मागे पडल्या, ते नंतर सांगते.

या लोकांना तिथली प्रतिष्ठित मंडळी 'जामेत' म्हणत. हा शब्द व्यासाची रेषा या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला असं मानतात. समाजाच्या मधोमध एक रेषा ओढलेली आणि ही माणसं रेषेखालची. बंदरावरचे हमाल, धोबिणी, बेकार पोरं, वेश्या, चाळींच्या अंगणात राहणारी कुटुंबं. गावकुसाबाहेर म्हणजे काय ते आपल्याला शिकवावं लागत नाही. रेषा जन्माची असते तेव्हा आणि वर्ण-वर्गाची असते तेव्हा फरक पडतो, तो मी नाकारत नाही. पण रेषेखालच्याचं गाणं ऐकून रेषेवरच्याच्या कपाळावर पडणारी आठी दोन्हीकडे सारखीच आहे.

1881 मध्ये कॅप्टन बेकर या पोलिसप्रमुखाने कॅनबुले मोडायचं ठरवलं. पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यावर लोकांनी पोलिसांना लाठ्यांनी आणि बाटल्यांनी उत्तर दिलं. सरकारने थोडी माघार घेतली आणि 1884 मध्ये कायदा करून मशाली, ढोल आणि लाठ्या घेतलेले जथे बंद केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात सॅन फर्नांडोजवळ मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. ताबूत घेऊन निघालेले हे लोक म्हणजे भारतातून, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारच्या भागातून, ऊसमळ्यांवर कराराने नेलेले गिरमिटिया मजूर. त्यांत मुसलमान होते तसे हिंदूही होते. किमान 16 माणसं मेली. आफ्रिकी वंशाच्या माणसाचा ढोल आणि भारतीय मजुराचा ताशा एकाच राजवटीने एकाच वर्षी बंदुकीच्या आणि कायद्याच्या जोरावर दाबला, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागेल.

ढोल गेला तेव्हा लोकांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू कापले आणि जमिनीवर आपटून ताल धरला. बांबूवरही पोलिसांची नजर गेली. मग 1930च्या दशकाअखेर बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे आणि शेवटी तेलाची पिंपं ठोकून त्यांतून सूर काढले गेले. आज जगभर वाजणारा स्टीलपॅन तो हाच. आपल्याकडे तमाशावर सरकारी बंदी आली तेव्हा अण्णा भाऊंनी त्याचं लोकनाट्य केलं, तशातलाच हा प्रकार. पॅन वाजवणाऱ्या पोरांना तेव्हा गुंड म्हणत. 1992 मध्ये तेच राष्ट्रीय वाद्य झालं.

वाद्याची गोष्ट लोक आवडीने सांगतात. मला त्याहून मोठी गोष्ट शब्दांची वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाणं फ्रेंच बोलीतून इंग्रजीत आलं आणि बांबू-पत्र्याचे मांडव घालून, तिकीट लावून कॅलिप्सोचे कार्यक्रम सुरू झाले. त्याला ते टेंटच म्हणतात. गाणाऱ्यांनी नावं घेतली ती अशी: लॉर्ड एक्झिक्युटर, अटिला द हन, ग्राउलिंग टायगर, रोअरिंग लायन. ज्यांना मालकाने हाक मारण्यापुरतं नाव ठेवलं त्यांच्या वंशजांनी स्वतःला लॉर्ड करून घेतलं. धोंड्या-कचऱ्या ही नावं झटकून मुलांची नावं सिद्धार्थ, राहुल, संघमित्रा ठेवणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना यातली गंमतही कळली असती आणि दुःखही.

1934 मध्ये सरकारने नाट्यगृह-नृत्यगृहांचा कायदा आणला. टेंटला परवाना सक्तीचा झाला आणि अश्लील किंवा कुणाचा अपमान करणाऱ्या गाण्याला मनाई झाली. आता बघा, ढोलबंदीला शांततेचं कारण होतं, इथे सभ्यतेचं. पण पोलीस कान देऊन काय ऐकत होते? 1937 मध्ये उरिया बटलर यांच्या नेतृत्वाखाली तेलखाणीतल्या कामगारांनी संप केला, गोळीबार झाला, माणसं मेली. कामगारांबद्दल सहानुभूतीने बोललेल्या गव्हर्नर फ्लेचर यांना जावं लागलं. चौकशीला आयोग नेमला गेला. अटिलाने गव्हर्नरच्या राजीनाम्यावर गाणं केलं आणि आयोगाच्या अहवालावरही केलं. वर्तमानपत्र न वाचू शकणाऱ्या मजुराला आयोगाने कुणाची बाजू घेतली ते गाण्यातून कळत होतं. सत्तेला अडचण याची होती. या अटिलाचं खरं नाव रेमंड क्वेव्हेडो. तो 1946 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या नगरपरिषदेवर आणि 1950 मध्ये विधिमंडळावर निवडून आला.

त्याच 1930च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं काही कारण नव्हतं.

हे सगळं मी का सांगते आहे? गेल्या जयंतीआधी आमच्या वस्तीतल्या बैठकीत नेहमीचा वाद झाला. एक ज्येष्ठ काका, सरकारी नोकरीतून निवृत्त, म्हणाले की बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, नाचा म्हणून नाही. डीजे लावून तुम्ही समाजाची मान खाली घालता. पोरं उसळली. वर्षातून एक दिवस मुख्य रस्ता आमचा असतो, तोही सोडायचा का, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंनी माझ्याकडे पाहिलं, कारण एम.ए. समाजशास्त्र झालेल्या बाईने निवाडा द्यावा अशी अपेक्षा असते.

काकांच्या म्हणण्यात डीजेच्या भिंतीपुढे घरातल्या म्हाताऱ्यांचे होणारे हाल होते, ते खरेच आहेत. पण त्याखाली जी लाज होती, ती जामेतांवर लादलेली लाज आहे. 'ते' काय म्हणतील, ही. त्रिनिदादमध्येही शिकलेल्या कृष्णवर्णीय मध्यमवर्गाला कार्निव्हलची लाज वाटायची. आणि आपल्या नाचाला नावं ठेवणारे इतरांच्या दहा दिवसांच्या मिरवणुकीला संस्कृती म्हणतात, हे काका विसरतात. कॅलिप्सो तर मुळात ऐकण्याइतकंच नाचण्याचं गाणं. कार्निव्हलच्या दोन दिवसांत रस्त्यावर सर्वांत जास्त वाजलेल्या गाण्याला रोड मार्च म्हणून वेगळा मान मिळतो. तेव्हा नाचावरून मी पोरांच्या बाजूने आहे.

पण पोरांना मी विचारलं की रस्ता आपला झाला, त्यावर वाजतं काय? यादी काढली. भीमगीतं होती, चांगली होती. पण निम्म्याहून जास्त गाणी सिनेमाची, आणि त्यात बायको, मेहुणी, शेजारीण यांच्यावर दात काढणारी. वस्तीतल्या नळाला आठवड्यात किती वेळा पाणी येतं, शिष्यवृत्ती का अडकली, नगरसेवक कुठे असतो, यावर एक ओळ नाही.

आणि इथे कॅलिप्सोचाही गौरवच करून भागत नाही. दुसऱ्या महायुद्धात त्रिनिदादवर अमेरिकी लष्कराचे तळ आले. डॉलरपुढे स्थानिक समाज कसा वाकला, आई आणि मुलगी दोघी डॉलरसाठी कशा राबतात, यावर लॉर्ड इन्व्हेडरने 1943 मध्ये 'रम अँड कोका-कोला' गायलं. अमेरिकेतल्या एका विनोदी कलाकाराने ते आपल्या नावावर केलं, अँड्र्यूज भगिनींच्या आवाजात 1945 मध्ये ते तिथे प्रचंड गाजलं आणि बोचरी टीका नाचगाण्याची चीज होऊन बसली. इन्व्हेडर कोर्टात गेला आणि चोरी सिद्ध झाली. आपल्या शाहिरांच्या चाली कुणाकुणाच्या नावावर गेल्या ते आठवून हा विजय गोड वाटतो. पण त्या गाण्यात हसू कुणावर होतं? सैनिकावर कमी, बाईवर जास्त. 1956 मध्ये माइटी स्पॅरोने 'जीन अँड डायना' गाऊन कॅलिप्सो किंगचा किताब जिंकला, त्यातही सैनिक निघून गेल्यावर भाव उतरलेल्या वेश्यांची टर उडवली आहे. याच स्पॅरोला बक्षीस मिळालं 40 डॉलर. कार्निव्हलच्या सौंदर्यराणीला, जी बहुधा गोरी किंवा उजळ वर्णाची असे, त्याच्या कितीतरी पट. त्याने 1957 मध्ये स्पर्धेवर बहिष्कार टाकला. वर्णाचा अन्याय त्याला बरोबर दिसला. जीन आणि डायना मात्र त्याला विनोदाच्या विषय दिसल्या. त्या कोण होत्या? रेषेखालच्या, जामेतच.

टेंटमध्ये पुरुषांची मक्तेदारी एवढी होती की किताबाचं नावच कॅलिप्सो किंग. टोबॅगोच्या मॅकार्था लुईस, म्हणजे कॅलिप्सो रोज यांनी 1978 मध्ये तो जिंकला तेव्हा ते नाव बदलून मोनार्क करावं लागलं.

भारतीय वंशाच्या माणसांचंही तसंच. त्यांचे उच्चार, त्यांचं जेवण, त्यांच्या मुली हे कॅलिप्सोतले जुने विनोद. मार्च 1970 मध्ये ब्लॅक पॉवरच्या तरुणांनी पोर्ट ऑफ स्पेनहून कॅरोनीच्या ऊसपट्ट्यापर्यंत मोर्चा काढला आणि भारतीय व आफ्रिकी एक व्हा, अशी हाक दिली. आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली त्याच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. एप्रिलमध्ये सरकारने आणीबाणी लावली. पण 1979 चा मोनार्क झालेल्या ब्लॅक स्टॅलिनचं कॅरिबियन एकतेचं गाणं पाहा. सगळे एका वंशाचे, एकाच प्रवासातून आलेले, अशी त्यातली मांडणी. वेगळ्या जहाजांतून आलेले गिरमिटिया त्यात नाहीतच. समाजशास्त्रज्ञ रमेश देवसरन यांनी यावर बोट ठेवलं आणि मोठा वाद झाला. काहींना ते कृष्णवर्णीय कलावंतावरचा हल्ला वाटलं. मला तो प्रश्न योग्य वाटतो. स्टॅलिनला मी कमी लेखत नाही, पण एकतेच्या गाण्यातही कोण मोजला गेला नाही ते पाहावंच लागतं. आपल्या मंचावर भटक्या-विमुक्तांचं नाव भाषणात येतं, गाण्यात किती येतं?

भारतीय बाजूही धुतल्या तांदळाची नव्हे. जहाजांवर आणि मळ्यांवर जात बरीच सैल झाली, तरी पंडितांचा अधिकार तिथेही पुन्हा उभा राहिला. 1987 मध्ये द्रौपती रामगुनाई ही भारतीय वंशाची तरुणी चटणी आणि सोका, म्हणजे कॅलिप्सोचंच वेगवान रूप, एकत्र करून गाऊ लागली तेव्हा आपल्याच समाजातल्या प्रतिष्ठितांनी तिच्यावर तोंडसुख घेतलं. हिंदू बाईने कार्निव्हलच्या गर्दीत गायचं म्हणजे घराण्याची अब्रू गेली, असा सूर. ती थांबली नाही. पुढच्याच वर्षी तिचं 'रोल अप द तासा' आलं आणि कार्निव्हलमध्ये गाजलं. हा तासा म्हणजे आपला ताशाच, 1884 मध्ये सॅन फर्नांडोच्या वाटेवर ज्या मोहरमवर गोळ्या चालल्या त्याच मोहरमच्या मिरवणुकीतला.