रेघ ओढण्याआधी

31 जुलै 2024 रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटातल्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा मसुदा प्रसिद्ध केला. 2014पासूनचा हा सहावा मसुदा. सहा राज्यांतलं मिळून सुमारे 56,826 चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यातलं 17,340 महाराष्ट्रातलं, आणि नेहमीप्रमाणे मुदतीत हरकती व सूचना पाठवण्याचं आवाहन. दहा वर्षांत सहा मसुदे निघतात आणि एकही अंतिम होत नाही, याचं खापर कधी खाणमालकांच्या दबावावर फुटतं, कधी पर्यावरणवाद्यांच्या हट्टावर. दबाव आहे, हे मी नाकारत नाही. पण जमीनवापराच्या नियोजनाचा अभ्यासक म्हणून मला मूळ दोष क्रमात दिसतो. आपण नकाशा आधी काढतो आणि लोकांना नंतर विचारतो. विचारण्याची वेळ बदलली की उत्तरही बदलतं, आणि याचा पुरावा खुद्द पश्चिम घाटातच आहे.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाने 2011 साली अहवाल दिला. त्या गटाने घाटाचे साधारण नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून त्यांची तीन श्रेणींत प्रतवारी सुचवली. मात्र हे सीमांकन तात्पुरतं आहे आणि अंतिम रेषा ग्रामसभांशी बोलून ठराव्यात, असंही अहवालात स्पष्ट होतं. सिंधुदुर्गातल्या 25 गावांनी आपलं क्षेत्र संवेदनशील जाहीर करावं असे ठराव केल्याची नोंद याच अहवालात आहे. त्या भागात खाणींचं सावट होतं, आपल्या शिवारातलं काय राखायचं हे गावांना ठाऊक होतं, आणि कोणतीही रेषा अजून त्यांच्यावर येऊन पडलेली नव्हती. पुढे कस्तुरीरंगन कार्यगटाने 2013 साली 24 मीटर क्षमतेच्या उपग्रह-प्रतिमांवरून नवा नकाशा केला. ज्या गावाचं वीस टक्के किंवा जास्त क्षेत्र संवेदनशील निघालं, ते अख्खं गाव यादीत घेतलं. अशी 4,156 गावं झाली. सिंधुदुर्गातलाच दोडामार्ग तालुका मात्र त्यातून वगळला गेला. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या 25 गावांबाबत अधिसूचना काढावी, हा आदेश मिळवायला 2024 साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंतची वाट चालावी लागली.

आता केरळकडे पाहा. तिथे यादी आधी जाहीर झाली, मग वायनाड-इडुक्कीत आंदोलनं पेटली, आणि त्यानंतर राज्य सरकारने उम्मन समिती नेमून पंचायत पातळीवर पडताळणी केली. पडताळणीचं कौतुक करायला हवं, कारण देशात एवढ्या प्रमाणावर असं काम क्वचित झालं आहे. पण तिचा कल पाहा: 13,108 चौरस किलोमीटरचं क्षेत्र 9,993.7वर आलं. घर, बाग, रबर, वेलदोडा यादीतून सोडवून घेणं एवढंच गावकऱ्यांच्या हाती उरलं होतं. ज्याला तयार रेषेवर फक्त हरकत घेता येते तो हरकतच घेणार. 'हा ओढा राखा, तो डोंगर सोडू नका' असं सांगायला त्या अर्जात रकानाच नसतो. सिंधुदुर्गातली ती गावं आणि केरळातले ते शेतकरी यांच्यात निसर्गाविषयीच्या आस्थेचा फार फरक आहे, असं मी मानत नाही. त्यांना विचारलेला प्रश्न वेगळा होता.

तज्ज्ञांचा नकाशा पुरेसा का नाही, हे कोकणातल्या कातळसड्यांवरून चांगलं कळतं. उन्हाळ्यातल्या प्रतिमेत सडा म्हणजे उघडा, काळा, नापीक दगड, आणि आपल्या सरकारी वर्गीकरणात त्याची गणना 'पडीक'मध्ये होते. पावसाळ्यात त्याच सड्यावर गुरं चरतात, खळग्यांत साचलेल्या पाण्यावर रानफुलं आणि बेडूक जगतात, कुठे मातीच्या पातळ थरावर भात किंवा नाचणीही होते. मुरलेलं पाणी उतारावरच्या वाडीच्या विहिरीला मिळतं. रत्नागिरी परिसरातल्या कातळशिल्पांचा शोध तर गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारत लागला. आज त्यांची संख्या हजाराच्या पुढे आहे आणि 2022पासून ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. कुठल्याही नियोजन नकाशात ती नव्हती, पण गावाच्या माहितीत होती. उपग्रहाला झाडोरा दिसतो, खडक दिसतो. वहिवाट दिसत नाही, आणि जमीनवापर म्हणजे मुख्यतः वहिवाटच.

लोकांकडची ही माहिती नियोजनात आणण्याची शिस्तबद्ध पद्धत गेली तीस वर्षं विकसित होते आहे. संशोधक ग्रेग ब्राउन यांनी 1998 साली अलास्कातल्या चुगाच राष्ट्रीय वनासाठी लोकांना टपालाने नकाशे पाठवले आणि कोणती जागा कशासाठी मोलाची वाटते त्या जागी ठिपके चिकटवायला सांगितले. पुढे हे काम संगणकावर आलं. हेलसिंकीने 2013 साली शहराचा आराखडा आखायला घेतला तेव्हा आधी ऑनलाइन नकाशा लोकांसमोर ठेवला. सुमारे 3,700 जणांनी त्यावर जवळपास 33,000 खुणा केल्या. कुठे नवी घरं चालतील, कुठलं हिरवं रान अनोखं आहे, हे त्यांतून दिसलं. पद्धतीचं मर्म मला एका भेदात दिसतं. 'इथे तुमच्यासाठी काय आहे' आणि 'इथे काय व्हावं किंवा होऊ नये' हे दोन प्रश्न वेगळे विचारायचे, त्यांची उत्तरं वेगळ्या थरांवर नोंदवायची. आपल्या हरकती-सूचनांत या दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून त्या वाचणाऱ्या अधिकाऱ्याला प्रत्येक अर्जात फक्त स्वार्थ दिसतो.

स्वार्थाचा आक्षेप तरीही गंभीर आहे. लोकांना विचारलं की जो तो आपला गट नंबर बिनशेतीत टाकायला सांगेल, हे भय निराधार नाही. गोव्यात 2006 साली अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा लोकक्षोभामुळे मागे घ्यावा लागला. नंतरच्या 2021च्या आराखड्यासाठी चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या वास्तुविशारदाचा सहभाग असलेल्या कृतिदलाने गावनिहाय नकाशे पंचायतींपर्यंत नेले. ते काम अपुरं होतं, पण दिशा योग्य होती. उलट 2023 साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीने आराखड्यातल्या 'चुका' सुधारण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा वापर बदलण्याची वाट उघडली. म्हणजे स्वार्थ शिरतो तो बंद दाराआडच्या एकट्या अर्जातून. अख्ख्या गावासमोर भिंतीवर लावलेल्या नकाशावर शेजाऱ्याची पायवाट पुसून आपला प्लॉट वाढवणं बरंच अवघड असतं.

दुसरा आक्षेप अचूकतेचा. न्यूझीलंडमध्ये ब्राउन यांनी लोकांनी दाखवलेली देशी वनस्पतींची ठिकाणं अधिकृत नोंदींशी ताडली, तेव्हा बहुतेक खुणा बरोबर निघाल्या. तिसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो: येतं कोण? स्वतःहून येणाऱ्यांचे आणि यादृच्छिक निवडलेल्या घरांतले नकाशे सारखे नसतात, हे याच अभ्यासांनी दाखवलं आहे. आपल्याकडे तर धनगर, कातकरी, भूमिहीन आणि बायका ग्रामसभेत मागे बसतात किंवा नसतातच. आणि सरपण, पाणी, रानभाजी कुठे मिळते हे त्यांनाच सर्वाधिक ठाऊक असतं. म्हणून एकच सार्वजनिक बैठक पुरत नाही. वाडीनिहाय, बायकांची वेगळी, आणि स्थलांतराचा हंगाम टाळून शिवारफेरी काढावी लागते. याला वेळ आणि पैसा लागतो. सहा मसुद्यांना लागलेल्या दहा वर्षांपुढे तो जास्त म्हणता येणार नाही. काही माहिती उघड होणं घातकही असतं. मधाची झाडं किंवा दुर्मिळ औषधी वनस्पतींच्या जागा नकाशावर आल्या की लुटल्या जाऊ शकतात. असा थर ग्रामसभेकडेच राहावा, हे माझं ठाम मत आहे.

मग प्रश्न अधिकाराचा राहतो. ब्राउन यांनी स्वतःच एका दशकाच्या कामाचा आढावा घेताना लिहिलं आहे की शासकीय यंत्रणांनी या नकाशांचा निर्णयात फारसा उपयोग केला नाही. कायद्याचं बळ नसलेला नकाशा कपाटात जातो. आपल्याकडे एक कायदा याला अपवाद आहे. 2006च्या वनहक्क कायद्यात सामूहिक दाव्याची सुरुवात ग्रामसभेकडून होते. वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते, नकाशा तयार करते, आणि शेजारच्या गावाची हद्द आड आली तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसून ती सोडवायची असते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर वनावर असा हक्क मिळाला, आणि 2011 साली गावाने आपला बांबू स्वतः विकला. गावाचा नकाशा आधी आणि शासनाची तपासणी नंतर, हा क्रम या देशात चालू शकतो याचा हा नमुना आहे.

संवेदनशील क्षेत्रासाठी आणि प्रादेशिक आराखड्यांसाठीही नियमांत हाच क्रम लिहावा. मसुदा निघण्याआधी प्रत्येक गावाचा नकाशा ग्रामसभेच्या ठरावासह मसुद्याला जोडावा. त्यात आजची वहिवाट आणि पुढची अपेक्षा वेगळ्या थरांवर असावी. अंतिम रेषा त्याहून जिथे वेगळी जाईल, तिथे गट नंबरनिहाय लेखी कारण द्यावं, आणि ते कारण पटलं नाही तर दाद मागण्याची सोय त्याच तालुक्यात असावी.