अम्मीची चूल आणि आमचा हिशेब

आमच्या घरातली मुलगी आठवीत आहे. मागच्या महिन्यात शाळेतून तिला एक प्रकल्प मिळाला: वेगवेगळी इंधने, त्यांचा रोजचा वापर आणि त्यांची तुलना. तिने वहीत चार रकाने आखले. इंधनाचे नाव, उष्णता, वापर, किंमत. रविवारी दुपारी ती वही घेऊन दादीजवळ बसली. "दादी, तुम्ही कशाकशावर स्वयंपाक केलात?"

आम्ही दोघे भाऊ तिथेच चहा घेत होतो. आमच्यातला एक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, दुसऱ्याचे दुकान आहे. आम्हाला वाटले, पाच मिनिटांत उत्तर होईल. अम्मी मगरिबच्या अजानपर्यंत बोलत राहिली.

आमचे गाव बीड जिल्ह्यातले, कापूस आणि तुरीचे. त्यामुळे सरपण म्हणजे पळाट्या आणि तुराट्या. कापसाची शेवटची वेचणी झाली की पळाट्या उपटायच्या, भारे बांधायचे आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून परसात रचून ठेवायचे. अम्मीने एकेकाचे गुण सांगितले. पळाटी भडकन पेटते आणि तशीच विझते. चहाला, तव्याला चांगली. बाभळीचे लाकूड उशिरा पेटते, पण त्याचा निखारा टिकतो; डाळ आणि गोश्त त्यावरच शिजवावे. गोवरीची आच मंद. दूध तापत ठेवायला तिच्यासारखे दुसरे काही नाही. राख भांडी घासायला. काही वाया जात नसे.

मुलगी भराभर लिहीत होती. मग भुशाच्या शेगडीची गोष्ट निघाली, ती आम्हालाही आठवते. वखारीतून पोतेभर भुसा आणायचा. पत्र्याच्या डब्यात मधोमध एक बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून दुसरी आडवी घालायची आणि सभोवार भुसा ठासून भरायचा. मग दोन्ही बाटल्या अलगद काढून घ्यायच्या. हवेला वाट मिळते आणि ती शेगडी तासन् तास धगधगत राहते. भुसा ठासायचे काम आमचे. बाटली काढताना भुसा ढासळला की अम्मीची बोलणी खावी लागत.

त्यानंतर रॉकेल आले. रेशनचे रॉकेल निळे असायचे. बाजारात विकले तर ओळखू यावे म्हणून त्यात रंग घातलेला. कॅन घेऊन रांगेत आम्ही उभे राहायचो. घरात दोन स्टोव्ह होते, एक वातीचा, एक पंपाचा. पंपाच्या स्टोव्हमध्ये दाबाने वर आलेल्या रॉकेलची तापलेल्या बर्नरमध्ये वाफ होते, म्हणून त्याची ज्योत निळी आणि जोरदार. छिद्र तुंबले की पिन मारायची. पण पिन मारताना भडका उडण्याची भीती अम्मीला कायम होती, म्हणून पंपाच्या स्टोव्हला तिने आम्हाला कधी हात लावू दिला नाही.

गॅस आमच्याकडे 1998 साली आला. नंबर लागायला बरीच वर्षे गेली होती. पहिल्या दिवशी अम्मीने चहा केला आणि पातेल्याचे बूड उलटे करून पाहिले. काळे झाले नव्हते. तिने ते शेजारच्या खालांनाही नेऊन दाखवले.

आता उष्णतेचा रकाना भरायचा होता. एनसीईआरटीच्या आठवीच्या जुन्या विज्ञानाच्या पुस्तकात एक तक्ता आहे. एक किलो इंधन जाळले तर किती उष्णता मिळते, ते त्यात किलोज्यूलमध्ये दिले आहे. गोवरी 6,000 ते 8,000, लाकूड 17,000 ते 22,000, दगडी कोळसा 25,000 ते 33,000, रॉकेल 45,000, स्वयंपाकाचा गॅस 55,000. आम्ही तिला आणखी एक गोष्ट सांगितली. सगळी उष्णता भांड्याला लागत नाही. साध्या मातीच्या चुलीत शंभरातली दहा-पंधरा टक्केच कामाला येते, बाकीची इकडेतिकडे जाते. चांगल्या गॅसच्या शेगडीत साठ टक्क्यांहून जास्त उपयोगी पडते.

मुलीने लगेच गणित मांडले. टाकीत गॅस 14.2 किलो. तेवढे काम साध्या चुलीवर करायचे तर लाकूड किती लागेल? उत्तर आले, साधारण दोनशे किलो.

"दोनशे किलो!" ती म्हणाली. "दादी, एवढं लाकूड तुम्ही विकत घ्यायचात?"

"विकत कशाला?" अम्मी म्हणाली. "तुझी फुफी आणि मी डोक्यावर आणायचो."

आम्ही दोघे गप्प झालो. आपा आमच्याहून मोठी. सातवीनंतर ती शाळेत गेली नाही. घरात सांगितले जायचे की तिला अभ्यासाची आवड नव्हती आणि आम्हीही तेच मानून चाललो होतो. त्या दिवशी अम्मीने सहज सांगितले, की सकाळी ऊन चढायच्या आत सरपण आणावे लागे आणि शाळाही सकाळचीच होती. ज्या चुलीवरची गरम भाकरी खाऊन आम्ही दोघे शाळेत जायचो, तिचे जळण आमच्या बहिणीने तिची शाळा सोडून आणलेले होते.

मग अम्मीने वही हातात घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि विचारले, "सब लिखी बेटा, धुआँ किधर लिखी?"

धूर कुठेच लिहिलेला नव्हता. आणि धूर म्हणजे काय, हे आम्हाला चांगले ठाऊक असायला हवे होते. तीन वर्षांपूर्वी अम्मीला जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टरांनी विचारले, विडी ओढता का? तपकीर? घरात कोणी ओढते? अम्मी हसली. मग त्यांनी विचारले, चुलीपुढे किती वर्षे बसलात? तिने बोटांवर मोजले. लहानपणापासून गॅस येईपर्यंत, तीस वर्षांहून जास्त. फुफ्फुसाचा तो आजार सीओपीडी निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या चुलीच्या आणि अशा इंधनांच्या धुरामुळे 2020 साली जगात 32 लाख माणसे दगावली. पावसाळ्यात ओली पळाटी फुंकणीने फुंकता फुंकता अम्मीच्या डोळ्यांतून पाणी यायचे आणि आम्ही बाहेरच्या खोलीत बसून विचारायचो, "अम्मी, झालं का?"

एवढे कळूनही गोष्ट संपलेली नव्हती. गेल्या थंडीत फजरच्या वेळी परसात धूर दिसला. अम्मी तीन विटा मांडून आंघोळीचे पाणी तापवत होती. आम्ही रागावलो. डॉक्टरांनी काय सांगितले आहे, ते ऐकवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "टाकी महाग झाली, महाग झाली, असं रोज तुम्हीच बोलता. मी ऐकते ना."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. टाकी महाग आहे हे खरेच आहे. ज्याच्या हातावर पोट आहे, त्या घरात उज्ज्वला योजनेची टाकी असली तरी ती पुन्हा भरून आणताना दहा वेळा विचार होतो. शाळेतल्या मुलांच्या घरी आम्ही ते पाहतो. पण आमच्या घरात पगार आहे, दुकान आहे. आम्ही नुसते कुरकुरत होतो आणि त्या कुरकुरीची किंमत अम्मी आपल्या श्वासाने भरत होती.

त्याच आठवड्यात आम्ही न्हाणीघरात विजेचा गीझर बसवला. एक इंडक्शन शेगडीही आणली. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची पातेली चालत नाहीत, लोहचुंबक चिकटेल अशा सपाट बुडाचे भांडे लागते, म्हणून दोन नवी पातेली घेतली. आणि टाकीच्या भावाचा विषय अम्मीपुढे काढायचा नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले.

चूल आम्ही हद्दपार केली असे नाही. वलिम्याची देग लाकडावरच शिजते. दमाच्या झाकणावर निखारे हवेत, खिम्याला धुंगार द्यायला एखादा कोळसा हवा, लोबानलाही हवा. पण ही कामे कधीतरीची आहेत आणि ती मोकळ्या हवेत होऊ शकतात. रोज, बंद खोलीत, एकाच बाईने धूर गिळणे वेगळे.

वाचकांच्या घरी अजून चूल असेल, तर दोन-चार गोष्टी जरूर कराव्यात. जळण पूर्ण वाळलेले वापरावे, धूर कमी होतो. चूल खिडकीजवळ किंवा पडवीत घ्यावी आणि तान्ह्या बाळाला घेऊन तिच्यापुढे बसू नये. थंडीत कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग असतो ना वास. आणि गॅस असेल, तर लक्षात ठेवावे की हा वायू हवेहून जड आहे, गळाला तर जमिनीलगत साचतो. वास आला की विजेच्या बटणाला हात लावू नये, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन 1906 वर फोन करावा. रबराची नळी पाच वर्षांनी बदलावी.

मुलीने शेवटी वहीत दोन रकाने वाढवले. एकाला नाव दिले 'धूर', दुसऱ्याला 'कोणी आणले'. दुसऱ्या रकान्यात पळाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांपुढे तिने 'दादी आणि फुफी' असे लिहिले. रात्री आम्ही आपाला फोन लावला आणि ते वाचून दाखवले. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तिला म्हणावं, भुसा ठासायला हे दोघे होते, तेही लिही."

आम्ही ते लिहायला सांगितले नाही.