कपाटातले चारशे शेअर

28 ऑक्टोबर 1997, मंगळवार
हाँगकाँगचा बाजार आज एका दिवसात जवळजवळ 14 टक्के आपटला. जुलैत थायलंडचा बाहत घसरला तेव्हा आमच्या बँकेत त्याचा उच्चार कसा करायचा यावरच हशा झाला होता. आज डबे खाताना कुणी हसलं नाही. सगळ्यांचा एकच सल्ला, इन्फोसिस काढून टाका. 1993 मध्ये 95 रुपयांनी इश्यू आला आणि पुरता भरेना, तेव्हा हीच मंडळी म्हणाली होती, "धड कारखाना नाही, ही कसली कंपनी!" मी शंभर मागितले, शंभर मिळाले. दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. 1981 मध्ये कंपनी पुण्यात सुरू झाली होती, तेवढाच काय तो जिव्हाळा.

18 जानेवारी 1998, रविवार
टीव्हीवर कोरियातल्या बायका देशाचं कर्ज फेडायला सोनं देताना दाखवल्या. लग्नातल्या अंगठ्या, साखळ्या. हिचा हात नकळत मंगळसूत्राकडे गेला.

परवा रिझर्व्ह बँकेने बँक दर 9 चा 11 टक्के केला. जुलैत 36 च्या आत असलेला डॉलर 39 च्या पुढे गेलाय. माझं गणित सरळ आहे. इन्फोसिसची गिऱ्हाइकं मुख्यतः अमेरिकेत, बिल डॉलरमध्ये, पगार बहुतेक रुपयांत. आशिया झोपला तरी 2000 साल उजाडायच्या आत तिकडच्या कंपन्यांना जुने प्रोग्राम दुरुस्त करून घ्यावेच लागणार. हे मेव्हण्याला रंगात येऊन सांगत होतो. त्याचं भोसरीत वर्कशॉप, ट्रकचे सुटे भाग करतो. तो म्हणाला, "भाऊजी, रुपया पडला की तुम्ही पेढे वाटा. माझ्या कॅश क्रेडिटचं व्याज कोण भरणार?"

पुढे बोलणं काही रंगलं नाही.

14 जून 1998, रविवार
वार्षिक अहवाल वाचून काढला. उत्पन्न 143 कोटींवरून 260 कोटींवर. पोखरणनंतर अमेरिकेने निर्बंध घातले म्हणून ऑफिसात पुन्हा 'विका, विका' चाललंय. मला नाही पटत. अहवालात एक गंमत आहे, तिथे नोकरीतल्या माणसांचीही किंमत रुपयांत मांडलेली असते. दुपारी मेव्हणा आला होता. चौदांपैकी पाच जणांना त्याने 'बोलावल्यावर या' सांगितलंय. अहवाल टेबलावरच होता. मी त्यावर पेपर ठेवला.

4 ऑक्टोबर 1998, रविवार
ऑगस्टात रशिया बुडाला, तरी माझा भरवसा हलला नाही. पण आज शंभर शेअर विकायचं ठरवलं. दिवाळी पंधरा दिवसांवर आलीय आणि मेव्हण्याकडे बोनसला पैसे नाहीत. त्याने मागितले नाहीत, बहिणीकडे नुसता बोलला. 1994 चा आणि गेल्या वर्षीचा, असे दोन बोनस धरून माझ्याकडे चारशे आहेत. ही म्हणाली, "मग अडलंय कुठे?"

अडलं सहीवर. अर्जावरच्या सहीखाली मी दोन टिंबं देत असे. काउंटरवर वर्षानुवर्षं सह्या ठोकून तिची आता नुसती रेघ झालीय. सही जुळत नाही म्हणून लोकांचे चेक मीच परत करतो, तेव्हा ट्रान्सफर फॉर्म परत आला तर तक्रार कुणाकडे करणार? जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सराव केला. अकराव्या वेळेला टिंबं जागेवर पडली. तशीच फॉर्मवर सही ठोकली आणि उरलेले तीनशे कपाटात, हिच्या पैठणीखाली, परत ठेवले.